मुकुटाचा ओढा

आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे बसलो आहोत हे सांगितल्याशिवाय माणसाने देवापुढे तोंड उघडू नये, असं माझ्या आजोबांचं मत होतं, आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती. आधी द्वीप, मग खंड, मग देश, मग नदी आणि तिचा काठ. एवढं झालं की गोत्र, नाव, आणि सगळ्यात शेवटी मागणं. पूजेच्या आधीचा हा संकल्प म्हणजे विश्वाच्या एका टोकाकडून निघून आपल्या पाटापर्यंत येणारा पत्ताच. तो ऐकताना लहानपणी माझ्या अंगावर काटा यायचा. आमच्या घरी मात्र तो लाँड्री रूममधून सांगितला जायचा, वॉशिंग मशीन आणि ड्रायरच्या मधल्या जागेतून, कारण पूर्वेकडे तोंड करून पाट मांडता येईल अशी घरात तेवढीच जागा होती.

आजोबा आमच्याकडे आले तेव्हा मी आठवीत होते. संगमनेरला त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. आजी गेल्यावर काही दिवस ते एकटे राहिले. मग बाबांनी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, फोनवर इतका धोशा लावला की त्यांनी भाड्याच्या खोल्या सोडल्या, नकाशे शाळेला दिले, भांडी शेजाऱ्यांना दिली, आणि दोन बॅगा व बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन ते अमेरिकेच्या विमानात बसले. डब्यात देव होते. विमानतळावरच्या माणसाने डबा उघडायला लावला, बाळकृष्णाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि आत खाण्याचं काही आहे का एवढंच विचारलं. आजोबांनी प्रामाणिकपणे खडीसाखर काढून दिली. ती जप्त झाली. बाळकृष्णाला आत सोडलं.

मार्चपर्यंत राहायची त्यांना परवानगी होती. त्यानंतर काय, हा प्रश्न घरात टेबलावर पडलेल्या छत्रीसारखा होता. सगळ्यांना दिसायचा, उचलत कोणी नव्हतं. बाबा नुकतेच इथले नागरिक झाले होते, त्यामुळे आजोबांच्या ग्रीन कार्डचे कागद भरता आले असते. भरायचे की परतीचं तिकीट पक्कं करायचं, हे आजोबांनी सांगायचं होतं. बाबांना वाटायचं, ते राहतीलच, कारण परत जायला तिकडे काही उरलेलंच नाही. आईला वाटायचं, ज्या माणसाचं तिकडे काही उरलेलं नाही त्याला हा प्रश्न विचारूच नये. मला वाटायचं, त्यांनी राहावं. कारणं माझी स्वार्थी होती: ते आल्यापासून घरात कोणीतरी मला दुपारी दार उघडायला असायचं.

त्या दिवसांतली आमची सकाळ आवाजांची होती. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची, ती सहाला उठून पोह्यांना फोडणी द्यायची. फोडणी बसली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायचा. मग बाबा हातात रविवारच्या पेपरची जाड घडी घेऊन अलार्मखाली उभे राहून वारा घालायचे. तो गप्प होतो न होतो तोच आजोबांची उदबत्ती लागायची आणि बाबा पेपर घेऊन लाँड्री रूमच्या दारात यायचे. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला असलेला माणूस रोज सकाळी वीस मिनिटं आपल्याच घरावर चवरी ढाळत असायचा. खाली बेसमेंटमध्ये साठलेलं पाणी उपसणारा पंप मधूनमधून हुंदका देऊन सुरू व्हायचा. या सगळ्याच्या मधून आजोबांचा संकल्प यायचा, खणखणीत, शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात. आणि एका ठिकाणी येऊन तो थांबायचा.

सुरुवातीला मला वाटलं, हा थांबा त्या मंत्रातच आहे, गाण्यात असतो तसा. मी सीरियल खात त्याची वाट बघायचे. पण तो रोज लांबत गेला. एका सकाळी तो इतका लांबला की ड्रायरने आपलं काम संपवून घंटी वाजवली तरी आजोबा पुढे सरकले नव्हते. शाळेतून आल्यावर मी विचारलं.

"आजोबा, तुम्ही रोज मधेच का स्टॉप करता? विसरता का?"

"विसरत नाही. तिथे नदी येते."

"मग म्हणा ना."

"कुठली?"

 संगमनेरला ते 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणत. गोदावरीच्या दक्षिणेला बसून तसं म्हणण्यात भूगोलाच्या मास्तरला काहीच अडचण नव्हती. द्वीप, खंड आणि देश त्यांनी निघण्याआधीच बदलून घेतले होते. पण इथे आल्यावर पहिल्याच दिवशी नदीचे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते आणि तिथेच थांबले होते. ते म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं की नकाशा बघितल्याशिवाय उत्तर लिहू नका. आता देवासमोर कसं लिहू?"

रात्री जेवताना ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. बाबा आजोबांना अण्णा म्हणायचे, आणि त्यांच्यामुळे आईही.

"अण्णा, सरळ गोदावरीच म्हणा," आई म्हणाली. "देवाला कळतं. तो काय नकाशा घेऊन बसलाय?"

"तो नसेल बसला, नीला. मी बसलोय."

"मग हडसन म्हणा," बाबा म्हणाले. "वर्ल्ड फेमस नदी आहे."

"इथून किती लांब?"

"ड्राइव्ह केलं तर एक तास."

"तिचं पाणी आपल्या दारावरून जातं का?" आजोबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाले, "शिवाय मी वाचलंय, समुद्राला भरती आली की ती नदी उलटी वाहते. जी दिवसातून दोनदा उलटी वाहते तिचा काठ धरायचा कसा?"

बाबांनी मग क्वीन्समधल्या देवळातल्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींना हा प्रश्न नवा नव्हता. त्यांनी सांगितलं, आम्ही सगळे मिसिसिपीच म्हणतो, चालतं. आजोबांनी मिसिसिपी भिंतीवरच्या नकाशात बोटाने शोधली. आमच्या घरापासून तिथपर्यंत त्यांची वीत पुरली नाही. "हे म्हणजे संगमनेरला बसून ब्रह्मपुत्रेचा काठ सांगण्यासारखं झालं," ते म्हणाले, आणि भाताचा घास घेऊन अगदी सहज, मीठ मागावं तसं म्हणाले, "सुधीर, मार्चात मला परत पाठव."

"अण्णा, तिकडे कोण आहे?"

"प्रवरा आहे."

प्रवरा म्हणजे संगमनेरची नदी. बेसमेंटमधला पंप सुरू झाला आणि बंद झाला.

हल्ली मी बॉथेलला राहते, देशाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे सत्यनारायण असतो तेव्हा गुरुजी स्क्रीनवर असतात आणि झिप कोड विचारतात. तो सांगितला की बाकीचं सगळं ते बघतात. ते नेमकं कुठलं द्वीप आणि कुठली नदी म्हणतात हे मी आजवर ऐकलेलं नाही, कारण तेवढ्यातच नेमका आवाज अडकतो. आजोबा असते तर त्यांनी पूजा थांबवली असती.

तर, नदी. आमच्या गावाचं नाव क्रमकिल, आणि घरामागून वाहणाऱ्या पाण्याचं नावही क्रमकिल. गावाने ते ओढ्यावरून घेतलं होतं. 'किल'चा मारण्याशी संबंध नाही, हे गावात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगायचं. आम्हाला पोस्टमनने सांगितलं होतं. या भागात आधी डच लोक आले, ते ओढ्याला किल म्हणत. मग इंग्रज आले. किल म्हणजे ओढा हे त्यांना माहीत नसावं, किंवा माहीत असूनही त्यांना त्याचं काही वाटलं नसावं. त्यांनी पुढे आपला क्रीक जोडला, म्हणजे पुन्हा ओढा. पुलावरची पाटी होती 'क्रमकिल क्रीक'. आमच्या रस्त्याचं नाव 'क्रमकिल क्रीक रोड'. आजोबांनी ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा ते म्हणाले, "गाईचं गोमूत्र," आणि पुढे चालू लागले. पण 'क्रम' म्हणजे काय, हे पोस्टमनला माहीत नव्हतं.

ते कळलं ऑक्टोबरात. गावाच्या इतिहास मंडळाने पुलाजवळ एक फलक बसवायचं ठरवलं होतं, आणि त्याच्या अनावरणाला शाळेचं बँड पथक बोलावलं होतं. मी क्लॅरिनेट वाजवायचे. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर व्हॅन ब्लॉम हे उंच, गुलाबी गृहस्थ एरवी घरं विकायचे. आम्हाला आमचं घर त्यांनीच विकलं होतं. त्या दिवशी ते खांद्यावरून नारिंगी पट्टा घालून आणि पायात लाकडी बूट घालून आले होते. त्या बुटांत त्यांना चालता येत नव्हतं. मंडपापासून फलकापर्यंत दोघांनी त्यांना धरून नेलं, आणि लोकांनी तो विधीचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. हॉलंडहून आलेलं असं तिथे फक्त चीज होतं, तेही बहुतेक विस्कॉन्सिनहून. आम्हा बँडवाल्यांना कागदी मुकुट दिले होते. का, ते फलकावरचा कपडा दूर झाल्यावर समजलं. फलकावर लिहिलं होतं की डच भाषेत क्रोन म्हणजे मुकुट. त्यावरून क्रमकिल, अर्थात मुकुटाचा ओढा.

मिस्टर व्हॅन ब्लॉम राजांबद्दल बराच वेळ बोलले. कुठला राजा, ते काही सांगितलं नाही. पण गावात सगळं जुळून येत होतं: पाण्याच्या टाकीवर मुकुट रंगवलेला होता, शाळेच्या फुटबॉल टीमचं नाव किंग्ज होतं, आणि क्राउन नावाचं डोनटचं दुकान होतं. मी कागदी मुकुटाखालून पाहिलं, तर गर्दीत आजोबा माकडटोपी आणि बाबांचा जुना कोट घालून उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. ते काहीतरी घोकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संकल्प थांबला नाही. 'मुकुटायाः दक्षिणे तीरे,' आजोबा म्हणाले आणि सरळ गोत्रावर गेले. दारात बाबांचा पेपर क्षणभर थबकला. अलार्म वाजला.

पुढचे सहा-सात आठवडे आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते, असं आजही मला वाटतं. आजोबा दुपारी मला मुकुटेबद्दल सांगायचे, प्रवरेबद्दल सांगायचे तसं: कुठून येते, कुठे मिळते, तिच्या काठची माती कशी. बहुतेक माहिती ते स्वतः काठीने उकरून मिळवायचे. आईने फ्रीजरमधली भाजणी काढली, आणि ते तव्यावरच्या थालीपिठाच्या मधल्या भोकात तेल सोडायला उभे राहू लागले. अलार्मची बॅटरीच त्यांनी काढून ठेवली, जे बाबांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आणि एका रविवारी, कोणी काही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "सुधीर, ते कागद आणलेस का रे?" बाबांनी ते केव्हाच आणून कपाटावर ठेवले होते. खाली काढले, पुसले. जन्मतारखेच्या रकान्यापर्यंत आले आणि आजोबांच्या दाखल्यावरची तारीख खरी की आजीने सांगितलेली, यावर दोघांचं संध्याकाळपर्यंत चाललं. पुढच्या रविवारी पूर्ण करू, असं ठरलं.

त्या आठवड्यात यान जेवायला आला. यान हा बाबांच्या ऑफिसात सहा महिन्यांसाठी आलेला तरुण, आणि खराखुरा डच. गावात तेव्हा तेवढा एकच असावा. लाकडी बूट घातलेला त्याला कोणी पाहिलेला नव्हता. आईने मसालेभात, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड केलं होतं. श्रीखंडाचा पहिला चमचा घेऊन तो म्हणाला, हे तर आमचं क्वार्क, म्हणजे चक्काच, पण यात साखर घालायची कल्पना कोणाची? आई खूश झाली. आजोबांनी त्याला आग्रहाने दुसरी वाटी वाढली आणि मग, वर्गात हुशार मुलाला उभं करावं तसं, आपल्या शुद्ध इंग्रजीत विचारलं की त्याच्या मातृभाषेत मुकुटाच्या ओढ्याला काय म्हणतात.

यानला प्रश्न कळला नाही. बाबांनी त्याला फलकाची गोष्ट सांगितली. त्याने नाव कागदावर लिहायला सांगितलं, ते पाहिलं आणि मान हलवली. मुकुट म्हणजे क्रोन, हे बरोबर. पण हे क्रोन नव्हे. हे क्रोम असणार. क्रोम म्हणजे वाकडं.

"वाकडं?" आजोबांनी मराठीत विचारलं.

यानने हवेत बोटाने एक वेडीवाकडी रेघ काढून दाखवली. भाषांतराची गरज पडली नाही.

"आणि किल म्हणजे ओढा," बाबा घाईने म्हणाले. निदान तेवढं तरी वाचावं असं त्यांना वाटत असावं. यान विचारात पडला. तो म्हणाला, किल म्हणजे गारठा. थंडी नव्हे, अंगात शिरणारा ओलसर गारठा, दिवाळखोर माणसाच्या घरात असतो तसा. ओढ्याला आम्ही बेक म्हणतो. मग त्याला आठवलं की त्याची मावशी डॉर्ड्रेख्टला राहते, तिथे एका पाण्याच्या प्रवाहाला किल म्हणतात खरं. जुना शब्द असेल. म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचे डच लोक इथे येऊन जो शब्द विसरून गेले तो त्यांच्या देशानेही जवळजवळ टाकून दिला होता, आणि आता तो फक्त आमच्याकडे, अर्थ माहीत नसलेल्या लोकांकडे, पाट्यांवर शिल्लक होता. मला तेव्हा यातलं अर्धंच समजलं. जे समजलं त्याने डोकं गरगरलं. आमचा पत्ता वाकड्या ओढ्याच्या ओढ्याचा रस्ता होता, किंवा वाकड्या गारठ्याचा, हे कोणावर विश्वास ठेवायचा त्यावर अवलंबून होतं.

यान गेल्यावर आई भांडी विसळत म्हणाली, "हे मी कोणाला सांगणार नाही. माझी मावसबहीण पुण्यात वाकडला राहते. तिला वाटेल मी तिची टिंगल करतेय."

आजोबा हसले नाहीत. सकाळी ते पाटावर बसले, द्वीप झालं, खंड झालं, देश झाला, आणि पुन्हा ती शांतता आली. नाष्ट्याला ते म्हणाले, "इतके दिवस मी खोटा पत्ता सांगत होतो. रोज. मोठ्याने." आणि मग, बाबांकडे न बघता, "ते कागद राहू दे. मार्चचंच बघ."

"अण्णा, एका शब्दासाठी?"

"शब्दासाठी नाही. मला इथे काही नीट सांगताच येत नाही, सुधीर. पोस्टमन एक सांगतो, फलक दुसरं, तो पोरगा तिसरं. मी कुठे आहे एवढंच विचारतोय. हे विचारायला एवढं का लागतं?"

 बाबाही या देशात पंधरा वर्षं होते आणि, मला वाटतं, त्यांनी तो प्रश्न केव्हाच बंद करून कपाटावर ठेवला होता. ते उठले, अलार्मची बॅटरी शोधली, बसवली आणि ऑफिसला गेले.

शनिवारी आजोबा मला घेऊन गावातल्या लायब्ररीत गेले. इतिहास मंडळाची खोली तिथेच वर होती. मी दुभाषी म्हणून गेले होते, पण मला काही करावं लागलं नाही. मिस्टर व्हॅन ब्लॉम त्या दिवशी साध्या बुटांत होते आणि त्यामुळे बरेच चपळ वाटत होते. आजोबांनी यानचं म्हणणं त्यांच्यापुढे ठेवलं. मला वाटलं ते चिडतील, निदान चकित तरी होतील. ते म्हणाले, हो, माहीत आहे आम्हाला. कमिटीसमोर दोन्ही अर्थ आले होते. चर्चा झाली, मतं घेतली, आणि मुकुट बहुमताने पास झाला.

आजोबांनी विचारलं, शब्दाचा अर्थ बहुमताने कसा ठरतो?

मिस्टर व्हॅन ब्लॉम म्हणाले, लोकशाही आहे. आणि मग, घरं विकणाऱ्या माणसाच्या आपुलकीने, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं की 'वाकडा ओढा' नावाच्या रस्त्यावर घर कोण घेईल?

"माझ्या मुलाने घेतलंय," आजोबा म्हणाले.

अमेरिकेत मोठी झाल्यामुळे मी पुढे अशा अनेक जागा पाहिल्या. न्यूयॉर्कच्या परिसरात तर पावलापावलावर डच शब्द आहेत आणि इंग्रजीने एकाचाही चेहरा ओळखू येईल असा ठेवलेला नाही. व्लिसिंगेनचं फ्लशिंग केलं. तिथे आता देऊळ आहे आणि नावाचा उच्चार करताना सगळ्यांना संडास आठवतो. योंकर म्हणजे कोणी जहागीरदाराचा पोर, त्याचं योंकर्स झालं. ब्रुकलिनच्या नावात दलदल आहे असं म्हणतात. तिथल्या भाड्यांकडे पाहून ती बहुमताने काढून टाकली असावी.

लायब्ररीतून आम्ही रस्त्याने न येता ओढ्याच्या कडेकडेने घरी आलो. ती आजोबांची इच्छा. डिसेंबर होता, काठाला काचेसारखा बर्फ धरला होता, आणि मधून तपकिरी पाणी चाललं होतं. आजोबांनी खिशातून होकायंत्र काढलं. शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेलं, पितळी. ते थोडं चालायचे, थांबायचे, सुईकडे बघायचे. सुरुवातीला ओढा आमच्या उत्तरेला होता. लाकडाच्या वखारीपाशी तो पश्चिमेला गेला. मग वळून परत आमच्याच अंगावर आला. आमच्या घराच्या कुंपणापाशी पोचलो तेव्हा आजोबा बराच वेळ उभे राहिले. माझी बोटं बधिर झाली होती, ती मी बाह्यांत ओढून घेतली. मला वाटत होतं, ते निरोप घेताहेत.

"मंजू, इकडे ये. काय दिसतंय?"

"पाणी."

"कुठल्या बाजूला?"

मी पाहिलं. पाणी पुढे होतं, उजवीकडे होतं, आणि घराच्या मागून डावीकडेही होतं. त्या घरात आठ वर्षं राहून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. ओढ्याने आमच्या घराला तीन बाजूंनी वळसा घातला होता. बेसमेंटमधला पंप बिचारा कशासाठी रडत होता ते आत्ता कळलं.

"सगळीकडे," मी म्हणाले. "इट्स लाइक अ लूप."

"बघ. इथे पहिल्यांदा आलेल्या डच शेतकऱ्याने हेच पाहिलं. इथेच उभा असेल तो. भाषा येत नाही, कोणी ओळखीचं नाही, नकाशा नाही. त्याने पाहिलं, वाकडं आहे, आणि तसं म्हणाला. मुकुटबिकुट नंतरच्यांनी आणला." त्यांनी होकायंत्र मिटलं. "ज्याने नाव ठेवलं त्याने आधी बघितलं होतं, एवढं मला पुरे."

"पण वाकडा म्हणजे चांगलं नाव नाहीये ना?"

"का नाही? सकाळी उठून पहिलं नाव कोणाचं घेतो आपण? वक्रतुंड. सोंड सरळ असती तर त्याला कोणी विचारलं असतं का?"

रविवारी सकाळी सहाला फोडणी बसली, अलार्म बोंबलला, बाबा पेपर घेऊन लाँड्री रूमच्या दारात आले. मी सीरियलचा वाडगा घेऊन जवळ जाऊन बसले. आई गॅस बंद करून हात पुसत आली. द्वीप झालं, खंड झालं, देश झाला. आजोबा थांबले. मग म्हणाले, 'वक्रायाः तीरे.'

बाबांनी पेपर खाली केला. "अण्णा, काठ कुठला? उत्तर की दक्षिण?"

"दिशा राहू दे," आजोबा डोळे न उघडता म्हणाले. "ते तिचं तिलाच ठरवता आलेलं नाही." आणि गोत्रावर गेले.

त्या दुपारी कागद पूर्ण झाले. जन्मतारीख आजीने सांगितलेलीच घातली.

पुढे आजोबा शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. गावाचा फलक अजून मुकुटाचाच आहे. आजोबांनी त्याविरुद्ध काही केलं नाही. लोकशाही आहे, म्हणायचे. मात्र मी कॉलेजला गेले तेव्हा त्यांनी मला बजावून ठेवलं होतं की त्यांची रक्षा थोडी प्रवरेत आणि थोडी वक्रेत सोडायची, आणि वक्रेत सोडताना संकल्प नीट म्हणायचा. बाबांनी प्रवरेचा वाटा नेला. वक्रेचा माझ्याकडे आला. आजोबा ऑगस्टात गेले, आणि ऑगस्टात वक्रेला पाणी नसतं. रक्षा घरात ठेवत नाहीत, म्हणून ऑक्टोबरात पाऊस होईपर्यंत आजोबा बाबांच्या गॅरेजमध्ये राहिले, हिवाळ्यात बर्फ वितळवायला ड्राइव्हवेवर टाकायच्या मिठाच्या पिशवीशेजारी.